गुरुवारची फॅमिली रूम

आम्हाला जिथं बसवलं, तिथं पूर्वी भिंत होती. भिंत म्हणणंही जास्तच झालं. प्लायवूडचा आडोसा होता तो, माणसाच्या डोक्याहून वीतभर उंच आणि वरून उघडा. आता हॉटेलवाल्यांनी वरचा सगळा मजला मोकळा करून टाकलाय. मंडईच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच बसवली आहे. आपल्याला खालचा रस्ता दिसतो आणि रस्त्यावरच्यांना आपण काय खातोय ते दिसतं. मेनूकार्ड नाही. टेबलावर चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर फोन धरला की पदार्थ फोनमध्ये उमटतात.

"काकूची सत्तरी आहे, तुम्हाला तुमच्या जुन्या जागी नेतो," असं निखिल, माझा मुलगा, सकाळी म्हणाला होता. ही आमची जुनी जागा आहे हे त्याला कुणी सांगितलं असेल, याचा विचार मी गाडीत बसल्यापासून करत होते. मी सांगितलं नव्हतं. समोर बसलेल्या ताईने उगाचच पर्समध्ये चष्मा शोधायला घेतला, तेव्हा कळलं. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.

ताई म्हणजे शालिनी, माझी थोरली जाऊ. मी वर्ध्याकडून लग्न होऊन विश्रांतवाडीच्या घरात आले तेव्हा ती तिथं होती, तिचा नवरा मात्र नव्हता. तो माझ्या लग्नाच्या चार वर्षं आधी गेला होता. भिंतीवर त्याचा फोटो होता आणि फोटोखाली तिची बसायची जागा. सासूबाईही नव्हत्या. घर सासऱ्यांचं, अण्णांचं होतं. माझा नवरा भोसरीच्या कारखान्यात पाळ्या करायचा. घरी असला की झोपलेला असायचा आणि जागा असला की अण्णांचा मुलगा असायचा.

अण्णा कधी आवाज चढवत नसत. सगळी गल्ली त्यांना चांगला माणूस म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. विधवा सुनेला त्यांनी माहेरी धाडलं नव्हतं, मंडईजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करू दिली होती. दारापाशी वेताच्या खुर्चीत ते पेपर वाचत बसत. कुणी चप्पल पायात घातली की पेपर खाली न करता विचारत, "कुठं निघालात?" उत्तर दिलं की "बरं" म्हणत. एवढंच. त्या एका "बरं"साठी आम्ही दोघी दिवसभर उत्तरं जमवत असू.

स्वयंपाकात मी नवखी नव्हते, पण माझा हात वऱ्हाडी, तिखटाचा. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी आमटी केली. अण्णा ती शेवटच्या थेंबापर्यंत जेवले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आमटी छान. पुढच्या वेळी थोडी डाळही घाला." तेव्हापासून आमटीत मिरची एक आणि गुळाचा खडा मोठा. बाहेर खाण्याबद्दलही त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. घरात गॅस चालू असताना बाहेर जेवतो तो माणूस एकतर प्रवासी असतो नाहीतर अनाथ, आणि आपण दोन्ही नाही.

भाजी मात्र मंडईचीच लागायची त्यांना. म्हणून दर गुरुवारी निखिलला शाळेत सोडून मी बसने मंडईत जायची. ताईची शाळा गुरुवारी लवकर सुटायची. दोघींनी मिळून पिशव्या आणाव्यात, असं अण्णांनीच ठरवून दिलं होतं. पहिल्यांदा कधी आणि कसं झालं ते आठवत नाही. एवढंच आठवतं की एका गुरुवारी ताई सरळ बसथांब्याकडे न वळता डावीकडे वळली, लाकडी जिना चढायला लागली आणि मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तिच्यामागे गेले. वर पाटी होती: फॅमिली रूम.

पाच खोल्या होत्या तिथं, खोल्या कसल्या, कप्पेच. प्रत्येकात एक संगमरवरी टेबल, समोरासमोर दोन बाकडी, दाराला हिरवा पडदा आणि पडद्याला पितळी कड्या. पडदा ओढला की त्या कड्या एकामागून एक वाजायच्या आणि माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरायचं. पंखा दोन कप्प्यांत मिळून एक, त्यामुळे शेजारचं सांबार आणि शेजारचं भांडण, दोन्ही आपल्याकडे यायचं. पायाशी पिशव्या असायच्या. मेथीचा आणि ओल्या कोथिंबिरीचा वास, वरून तापलेल्या तव्यावरच्या लोण्याचा वास. आजही मेथी निवडायला घेतली की मला डोसा आठवतो. हे कुणाला सांगून पटत नाही.

उन्हाळ्यात आम्ही मस्तानी घ्यायचो, उंच ग्लासातली, वर आइस्क्रीमचा गोळा घसरायला आलेला. थंडीत मटार पॅटीस. चातुर्मासात घरात कांदा बंद असायचा, तेव्हा आम्ही कांदाभजीच्या दोन-दोन प्लेटी मागवायचो आणि नंतर बडीशेप तोबरे भरून खायचो. वेटर पन्नाशीचा होता, कानावर पेन्सिल. पहिल्या वर्षी त्याने एका दमात सगळे पदार्थ म्हणून दाखवले, नंतर नुसतं "दोन मसाला, एकाला लाल चटणी जास्त" एवढंच म्हणायचा. लाल चटणी माझी. पहिला घास घेतला की डोळ्यांत पाणी यायचं आणि मला माझं गाव दिसायचं. पैसे ताई द्यायची. ते ती कुठून आणायची, मी कधी विचारलं नाही.

घरात मी तिला "अहो ताई" म्हणायची. पडदा ओढल्यावर "अगं ताई" झालं. तिनेच सांगितलं तसं म्हणायला. त्या चार फुटांत ती वेगळी बाई होती. पाय वर घेऊन बसायची, बोटं चाटायची, शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल करायची. मग साडेचार वाजले की हात धुऊन पदर सारखा करायची आणि आम्ही जिना उतरायचो. रात्री आठला पुन्हा जेवायचं असायचं. भरल्या पोटावर भाकरी, आमटी, भात, सगळं रोजच्याइतकं. एक घास कमी झाला तर अण्णांच्या लक्षात येई. गुरुवारी रात्री माझं पोट दुखायचं आणि ते दुखणंही मला हवंसं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी ताईच्या बोलण्यात कुलथे सर यायला लागले. चित्रकला शिकवायचे. आधी त्यांचा डबा आला. पोळ्या स्वतः करतात आणि एकही गोल नसते, असं ती सांगायची. मग त्यांचं एकटं राहणं आलं. मग एकदा तिने त्यांच्याबद्दल बोलताना सर म्हटलंच नाही, नुसतं "ते" म्हटलं आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. ती त्रेचाळीस वर्षांची होती तेव्हा. मी तिला काही विचारलं नाही, पण त्या दिवशी घरी येताना बसमध्ये दोघी उगाचच हसत होतो.

फाल्गुनात एका गुरुवारी डोसे यायच्या आधीच ती म्हणाली, "त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, अण्णांशी बोला. रविवारी घरी येणार आहेत, तशी चिठ्ठीही पाठवली आहे अण्णांना." तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला आनंद झाला. खरंच झाला. पण तो पुरता गळ्याखाली उतरायच्या आत मला आमचं स्वयंपाकघर दिसलं, त्यात मी एकटी, आणि दारातून येणारं "कुठं निघालात?" फक्त मला उद्देशून.

डोसे आले. तेवढ्यात शेजारच्या कप्प्याच्या कड्या वाजल्या आणि वेटरचा आवाज आला, "या अण्णा. आज दोघं? नेहमीचंच आणू ना?"

पुण्यात अण्णा हजार. पण पुढचा आवाज वेताच्या खुर्चीतलाच होता. "दोन लोणी डोसे. यांना चटणी वेगळी द्या." सकाळी ते कात्रजला एका आजारी स्नेह्याला बघायला जातो म्हणून बाहेर पडले होते.

मला आधी हसू फुटलं. तोंडावर पदर धरून मी ताईकडे पाहिलं. नेहमीचंच. म्हणजे तेही येत होते, इथेच, एकटे, वाराला वार न जुळता. ताईही हसणार होती. मग दुसरा माणूस बोलला.

"मी उगाच त्रास दिला आपल्याला. घरीच आलो असतो."

ताईचा हात सांबारात होता तसाच राहिला. तिने आवाज ओळखला होता. तिच्या तोंडाकडे बघून मीही ओळखला.

अण्णा म्हणाले, त्रास कसला, घरी लहान मूल असतं, निवांत बोलता येत नाही. मग ते बराच वेळ चटणीबद्दल बोलले. इथली चटणी रोज ताजी वाटतात, डाळवं कमी घालतात. इतक्या प्रेमाने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. कुलथे सर हो हो म्हणत होते. शेवटी अण्णा म्हणाले, "शालिनीला मी विचारलं. तिच्या मनात नाही."

पंखा फिरत होता. खालून कुणीतरी दोन इडलीची ऑर्डर ओरडलं.

"त्या स्वतः असं म्हणाल्या?" सरांनी विचारलं.

"मग मी माझ्या मनचं सांगेन का? ती म्हणते, हे घर तेच माझं घर. डोसा गार होतोय, घ्या."

अण्णांनी ताईला काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती आता माझ्यासमोर अशी बसली नसती. तिने दोन्ही हात टेबलावर टेकले. बाकड्याचा पाय फरशीवर किंचित खरडला. पडद्यापासून पडद्यापर्यंत तीन पावलं होती, तीनच.

मी तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं, माझी नखं तिला लागली असणार. आणि मान हलवली, नको म्हणून.

मला कशाची भीती वाटली? आमचे गुरुवार उघडे पडतील याची, की ती निघून जाईल याची? सत्तावीस वर्षं मी हा प्रश्न स्वतःला विचारत आले, जणू उत्तर माहीत नसल्यासारखी.

ताईने माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, हाताकडे. ती मागे टेकून बसली.

थोड्या वेळाने सर उठले. अण्णांना नमस्कार म्हणाले. जिन्यावरून त्यांची पावलं खाली गेली, सावकाश, प्रत्येक पायरीवर एक. आता अण्णाही उठतील असं वाटलं. पण पलीकडे एक प्लेट संगमरवरावरून घसरत आपल्याकडे ओढल्याचा आवाज आला आणि मग कुरकुरीत डोसा मोडल्याचा. सरांचा डोसा होता तो. तोही त्यांनी शांतपणे संपवला. मग कॉफी मागवली. आम्ही अर्धा-पाऊण तास अडकून पडलो. श्वासही बेताने घेत होतो. वेटर बिल घेऊन आला, पडदा सारून बोलायला तोंड उघडलं, ताईने ओठांवर बोट ठेवलं. त्याने तिच्याकडे बघितलं, शेजारच्या आडोशाकडे बघितलं आणि आमच्या ताटल्या एकही आवाज न करता उचलून नेल्या. पायाशी मेथी माना टाकत होती.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा अण्णा खुर्चीत होते. "उशीर झाला?"

"मेथी बघून घेतली," ताई म्हणाली.

"बरं."

आठ वाजता पानं घेतली. मुगाची खिचडी, मेथीची भाजी. नवरा दुसऱ्या पाळीला होता. अण्णा, ताई, मी आणि निखिल. मी विचारलं, कसे आहेत तुमचे कात्रजचे स्नेही. अण्णा म्हणाले, बरे आहेत, कात्रज फार लांब पडतं. आणि त्यांनी खिचडी पुन्हा घेतली. घेतली नसती तर आम्हाला नवल वाटलं असतं ना. तिघंही पोटाला तडस लागेपर्यंत जेवून आलेलो, तिघंही जेवत होतो. भूक फक्त त्या सहा वर्षांच्या पोराला होती. तोच मध्ये म्हणाला, "काकू, तिखट लागलं का गं?"

अण्णांनी ताईकडे पाहिलं. "आईने केलंय म्हटल्यावर लागणारच," ते निखिलला म्हणाले आणि तुपाची वाटी हलकेच ताईच्या पानाकडे सरकवली. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी माया होती. हेच मला अजून गिळता येत नाही. खोटी माया असती तर सोपं गेलं असतं.

पुढच्या गुरुवारी शाळेच्या फाटकाशी ताई आली, माझ्या हातातली एक पिशवी घेतली आणि सरळ बसथांब्याकडे चालायला लागली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तो विषय संपला." त्या दिवसापासून रस्त्यातही ती माझी "अहो ताई" झाली. जूनमध्ये कुलथे सर शाळा सोडून दुसऱ्या गावी गेल्याचं कळलं, तेही मला दुसऱ्याच कुणाकडून.

अण्णा नंतर अकरा वर्षं जगले. शेवटच्या वर्षी अंथरुणावर होते, पेजेशिवाय काही चालत नव्हतं. एका दुपारी ते ताईला म्हणाले, "लोणी डोसा खावासा वाटतो." ताई उठली, बसने गेली आणि दीड तासाने पुडा घेऊन आली. सांबारात कुस्करून एकेक घास भरवला तिने. कुठून आणलास ते त्यांनी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मी दारात उभी राहून बघत होते. त्या दोघांमध्ये काहीतरी होतं ज्यात मला जागा नव्हती.

आता ते घर नाही, त्या जागी इमारत आहे. नवराही गेला. नवव्या मजल्यावर आम्ही दोघी राहतो, शेजारच्याच फ्लॅटमध्ये निखिल. काय हवं ते फोनवर मागवता येतं. प्लास्टिकचे डबे येतात, सगळ्यांना एकच वास. कुणी काही विचारत नाही. तरी चप्पल पायात सरकवताना माझ्या तोंडात उत्तर तयार असतं आणि आठ वाजले की भूक असो-नसो, आम्ही पानं घेतो.

निखिलचा फोन वाजला, तो बोलत बोलत जिन्याकडे गेला. काचेतून दुपारचं ऊन थेट टेबलावर येत होतं. ताईवर सगळीकडून उजेड पडला होता. एवढ्या वर्षांत मी तिला या जागी उजेडात पाहिलंच नव्हतं.

"तूच सांगितलंस ना त्याला इथलं?" मी विचारलं. तूच म्हटलं, आपोआप आलं.

"हो."

मग मी बोलले. इतकी वर्षं घोटून ठेवलेलं होतं, तरी वाक्यं वेडीवाकडीच आली. मी म्हटलं, त्या दिवशी तू उठत होतीस, मी तुझा हात धरला. तुझ्यासाठी नाही धरला. मला एकटीला राहायचं नव्हतं त्या घरात. तुझं आयुष्य मी माझ्या सोयीसाठी धरून ठेवलं.

ताईने ऐकून घेतलं. पेपर नॅपकिनची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले होते," ती म्हणाली. "सकाळी, प्रार्थनेच्या आधी. माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि विचारलं, अण्णा म्हणाले ते तुमचंच म्हणणं का. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. अण्णा नव्हते, तू नव्हतीस. माझे दोन्ही हात मोकळे होते."

"मग?"

"मी म्हटलं, हो."

एवढं ओझं उतरलं तर हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. उलट ज्या गोष्टीला धरून मी इतकी वर्षं उभी होते तीच निसटल्यासारखं झालं.

"का म्हणालीस?"

"घंटा झाली होती गं. मुलं रांगेने खाली यायला लागली होती. मला वाटलं, आत्ता हो म्हणू, दुपारी खरं काय ते सांगू. दुपारी स्टाफरूममध्ये माणसं होती. मग वाटलं, आज शुक्रवार, आता सोमवारीच सांगू."

ती काचेबाहेर बघत होती. खाली मंडईतून बायका भरल्या पिशव्या घेऊन येत होत्या.

"अजून रविवारी संध्याकाळी वाटतं," ती म्हणाली. "उद्या सोमवार. उद्या सांगू."